बाबांच्या हाताला चालेल असा रिलीज

स्ट्रोकनंतर हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा बाबांनी पहिल्यांदा मागितली ती गॅरेजची किल्ली. कोट काढायच्या आधी. मी दिली, आणि ते पाय ओढत तिकडे गेले. थोड्या वेळाने पाहिलं तर धनुष्याची पेटी उघडून समोर खुर्चीत नुसते बसलेले. उजवा हात मांडीवर मिटून पडलेला होता.

बाबा म्हणजे माझे सासरे. सत्तरच्या दशकात ते इंग्लंडात लेस्टरला आले, होजिअरीच्या कारखान्यात मशीन फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी लग्न होऊन पुण्याहून आले तेव्हा सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा इथेच जन्मलेला. त्याची नोकरी कार्डिफला, त्यामुळे रविवारी संध्याकाळी जायचा तो शुक्रवारी परत यायचा. मधल्या दिवसांत घरात आम्ही दोघंच, सून आणि सासरे. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते आणि त्या वर्षी अर्धा वेळच काम करत होते.

धनुष्याचा नाद बाबांना कारखान्यातल्या एका इंग्रज मित्राने लावला होता. दोघं बरोबरच निवृत्त झाले आणि दर रविवारी शहराबाहेरच्या एका रानात जायला लागले. तिथे क्लबने झाडांच्या आड फोमची हरणं, डुकरं, कोल्हे मांडून ठेवले होते. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, म्हणून वर्षातून एकदा, पानं गळायच्या सुमारास, दोघं फेरीबोटीने फ्रान्सला जायचे. रानडुकराच्या शिकारीला. मी मांस खात नाही हे कळल्यापासून बाबा त्यांचा वाटा गॅरेजमध्ये छोट्या गॅसवर शिजवायचे, भांडीही वेगळी. तसं करा असं मी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांचं धनुष्य कंपाउंड होतं, चाकांचं. त्याची दोरी बोटांनी ओढत नाहीत. मनगटाला पट्टा बांधतात, पट्ट्याला एक लहान चिमटा असतो, तो दोरी पकडतो. पूर्ण ओढून नेम धरला की तर्जनीने ट्रिगर दाबायचा, चिमटा उघडतो, बाण जातो. याला रिलीज म्हणतात. एवढंसं धातूचं यंत्र, पण पुढचे कितीतरी महिने आमचं घर त्याच्याभोवती फिरलं.

स्ट्रोकचा झटका उजव्या बाजूला बसला होता. बोलणं बरंचसं परत आलं, पायही चालता झाला. हात मात्र मिटायचा, उघडायचा नाही. एक बोट वाकवायला गेलं की पाचही वाकायची. फिजिओ घरी यायची, मऊ गोळा दाबायला द्यायची, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला सांगायची. बाबांनी सुरुवातीला केलं, मग सोडून दिलं.

मे महिन्यात मित्राने धनुष्याचा ताण अगदी कमी करून दिला आणि त्यांना क्लबवर बोलावलं. बाबांचं लायसन्स थांबवलेलं होतं, म्हणून मी गाडी चालवली. फोमच्या हरणासमोर त्यांनी दोरी ओढायला घेतली. अर्ध्यावर आली असेल नसेल, सगळी बोटं एकदम मिटली, तर्जनीही, ट्रिगर दाबला गेला आणि बाण हरणाच्या वरून कुंपणापलीकडे गेला. पलीकडे पायवाट होती. लोक कुत्री घेऊन तिथून जातात.

तिथे कोणी नव्हतं.  क्लबची माणसं भली होती, पण त्यांनी साफ सांगितलं, या हाताला सुरक्षित चालेल असा रिलीज मिळेपर्यंत इथे बाण मारायचा नाही. त्यांचं बरोबरच होतं.

गाडीत बाबा म्हणाले, "संपलं हे आता."

त्यानंतर त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. खिचडी केली की दोन घास, मग ताट सरकवायचे. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून त्यांच्या आवडीची सुरळीची वडी आणली, तिच्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाले. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "तू ते बो विकून टाक ना. ती बघून तो जास्त सॅड होतो. माझी डोकं चालत नाही आता." चिडला की त्याचं मराठी असंच व्हायचं. मला हसू यायचं एरवी.

एका सकाळी मी कामाला निघताना बाबांनी मला थांबवलं. शांतपणे म्हणाले, "हे बघ, मी झोपलो आणि उठलो नाही, तर त्याला लगेच कामावरून बोलावू नकोस. शुक्रवारी तो येईलच."

"बाबा, असं काय बोलताय?"

"सांगून ठेवलं. घाबरू नकोस."

मी कामाला गेलेच नाही. गाडी कोपऱ्यावर नेऊन उभी केली आणि स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले. माझी आई पुण्यात, नवरा कार्डिफला, आणि या माणसाला जिवंत ठेवायचं माझ्या एकटीवर आलं होतं. कसं ठेवायचं ते मला माहीत नव्हतं. त्यांनी मागितलेली एकच गोष्ट ठाऊक होती, गॅरेजची किल्ली. मग मी घरी परतले आणि कॉम्प्युटरसमोर बसले.

अमेरिकन शिकाऱ्यांच्या फोरमवर सगळे एकच सांगत होते. तर्जनी ऐकत नसेल तर थम्ब रिलीज घ्या. तो मुठीत धरायचा, ट्रिगर अंगठ्यामागे असतो, तर्जनीचा संबंधच नाही. पण किती बोटांचा घ्यायचा, ट्रिगर हलका की जड, चिमट्याचा जबडा उघडा की बंद, यावर लोक हमरीतुमरीवर आले होते. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. सर्वांत जास्त कौतुक ज्याचं होतं, तो तीन बोटांचा रिलीज मागवला.

तो आला तेव्हा बाबांचे ते इंग्रज मित्र घरी आले. बाण नसताना धनुष्याची दोरी सोडली तर धनुष्य मोडू शकतं, म्हणून त्यांनी जाड दोरीची एक कडी करून आणली होती. डाव्या हातात कडी, उजव्या हातात रिलीज, आणि नुसतं ओढायचं. बाबांनी ओढलं. तीन बोटांत तेवढा जोर नव्हता. रिलीज मुठीतून निसटला आणि मूठ थेट तोंडावर बसली. ओठ फुटला.

मी बर्फ आणायला धावले. परत आले तेव्हा रक्ताने भरलेला रुमाल बाजूला करून ते म्हणाले, "बघितलंस?" दुसरं काही नाही. तो रिलीज मी निवडला होता.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना जवळजवळ ओढूनच दुकानात नेलं. एका शेतावरच्या जुन्या शेडमध्ये धनुष्यांचं दुकान होतं. दुकानदाराने काउंटरवर रिलीज मांडले. चार बोटांचा निसटला नाही, पण बाबांचा खांदा थरथरायला लागला. मग त्याने मनगटाच्या पट्ट्याचा थम्ब रिलीज काढला, म्हणजे सगळा भार मनगटावर आणि अंगठ्याला फक्त दाबायचं काम. मला वाटलं हाच. बाबांनी ओढलं, मूठ आपोआप आवळली, अंगठा दाबला गेला, फट्. पुन्हा ओढलं, पुन्हा फट्. दुकानदाराने स्क्रू फिरवून ट्रिगर जड केला. अजून जड केला. आता ओढताना सुटेना, पण नेम धरून दाबायला गेले तर तेव्हाही सुटेना. बाबांचा चेहरा लाल झाला, आणि दाबायचं सोडून दिल्यावर तो भलत्याच क्षणी सुटला.

दुकानदार म्हणाला, माझ्याकडे आणखी काही नाही, सॉरी.

"चल," बाबा मला मराठीत म्हणाले. "किती मागे लागशील याच्या."

घरी येऊन मी चहा केला. त्यांनी कप डाव्या हाताने उजव्या मुठीत बसवला, कारण फिजिओने तसं सांगितलं होतं आणि मला बरं वाटावं म्हणून ते करत होते. चहा संपला, मी कप घ्यायला गेले, तर सुटेना. बोटं उघडत नव्हती. मी ओढलं तसा त्यांनी कप आणखी घट्ट धरला, न ठरवता. मी त्यांचा अंगठा हळूच वर उचलला, तशी बाकीची बोटंही सैल झाली.

मी तिथेच उभी राहिले. प्रत्येक रिलीज त्यांना दाबायला सांगत होता, आणि दाबणं तर त्यांचा हात सारखंच करत होता, नको तेव्हाही.

बाबांच्या मित्रांना फोन लावला. विचारलं, अंगठा दाबलेला असताना कुलूप लागलेलं, आणि अंगठा उचलला की उघडलेलं, असं काही असतं का?

 ते म्हणाले, असतं. टार्गेटवाले सरावाला वापरतात. अंगठा दाबून ओढायचं, नेम धरायचा, अंगठा उचलायचा आणि पाठीने अजून थोडं ओढायचं, मग आपसूक सुटतो. पण शिकारीला कोणी घेत नाही. नेमका क्षण आपल्या हातात राहत नाही.

"तुमच्या मित्राच्या हातात सध्या कुठला क्षण आहे?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. ते दुसऱ्या दिवशी दुकानातून तसला एक उसना घेऊन आले.

तो हातात धरायचा होता, पट्ट्याचा नव्हता, म्हणून निसटायची भीती होतीच. मित्र त्याला जुना पट्टा जोडायला बसले. बाबा बाजूला मान फिरवून बसले होते. मग म्हणाले, "तिथून नको घेऊ." इंग्रजीत, कारखान्यातल्या आवाजात. "भार तिरका पडेल. मागच्या भोकातून घे, आणि गाठ आतल्या बाजूला." डाव्या हाताने त्यांनी पट्टा हिसकावूनच घेतला. कित्येक आठवड्यांत त्यांनी कशात हात घातला नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोळ्यांची कणीक मळायला घेतली, कारण मला तिथे उभं राहवेना.

पण अंगठा उचलेना. दोरीची कडी ओढून बाबा स्वयंपाकघरात उभे राहायचे, मी समोर.

"उचला, बाबा."

"सांगतोय मी त्याला. तो ऐकत नाही."

अंगठ्याच्या मुळाशी एक शीर फडफडायची, एवढंच. घाम यायचा. कधी ते मला शिव्या द्यायचे, कधी स्वतःला. एकदा कडी भिंतीवर भिरकावली आणि मला म्हणाले, "तुला काय हवंय माझ्याकडून?" मी म्हणाले, "तुम्ही जेवावं." त्यांनी त्या संध्याकाळी अर्धी पोळी खाल्ली.

जूनच्या शेवटी कधीतरी अंगठा उठला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघतही नव्हतो, शेजाऱ्यांच्या अलार्मबद्दल बोलत होतो. खट् आवाज झाला आणि कडी बाबांच्या डाव्या हातात लोंबत राहिली. पुढचे कितीतरी दिवस तो पुन्हा उठला नाही. मग अधूनमधून उठायला लागला. क्लबवाल्यांनी दुकानदाराला बोलावून रिलीज आणि पट्टा तपासून घेतला, बाबांना जवळून ओढताना पाहिलं, आणि बाजूच्या, बाण अडवणाऱ्या मातीच्या बांधासमोरच्या एकाच निशाणाची परवानगी दिली. ते फोमचं रानडुक्कर होतं. पहिला बाण त्याच्या मागच्या पायाला लागला.

फेरीची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मित्र घरी आले. नवराही त्या दिवशी घरी होता. मला खात्री होती बाबा हो म्हणतील. मी मनातल्या मनात गोळ्यांच्या पुड्या बांधायलाही घेतल्या होत्या.

"मी येत नाही," बाबा म्हणाले.

"पण बाबा, तू इतकी प्रॅक्टिस केला," नवरा म्हणाला.

"अंगठा कधी उठेल हे मला माहीत नसतं. कधी लगेच उठतो, कधी उठतच नाही. तेवढ्यात डुक्कर एक पाऊल टाकतं. बाण पोटात जातो, आणि ते मरायला रानात जाऊन पडतं." त्यांनी मित्राकडे बघून तेच इंग्रजीत सांगितलं. "फोमचं ठीक आहे. त्याला दुखत नाही."

मित्र म्हणाले, नुसता सोबतीला चल. बाबांनी मानेनेच नाही म्हटलं.  जाताना मित्रांनी त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, तर तो त्यांच्याभोवती मिटला आणि सोडवून घ्यावा लागला.

मित्र फ्रान्सला गेले तो आठवडा फार वाईट गेला. बाबा खोलीतून बाहेर येईनात, आणि मला पुन्हा तीच भीती वाटायला लागली, त्या सकाळची. मी सुट्टी टाकली, त्यांचे बूट दारात आणून ठेवले आणि म्हणाले, "मला गाडी काढायचीय. चला."

रानात आम्ही दोघंच होतो. पानं ओली होती, त्यांचा पाय घसरत होता, म्हणून मी मागून कोट धरून उभी राहिले. त्यांनी दोरी ओढली. डुकरावर नेम धरला. अंगठा उठेना. कोटाच्या आत त्यांची पाठ थरथरताना मला कळत होतं.  शेवटी त्यांनी बाण न सोडता, अंगठा दाबूनच दोरी सावकाश पुढे नेली, धनुष्य खाली केलं आणि दम घेतला.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"धर तू नीट," ते म्हणाले, आणि पुन्हा ओढायला लागले.