ज्येष्ठाबाईंचा जोडीदार

आमच्या शेजारच्या बाई तारांगणात निवेदन करायच्या. देह दणकट, आवाज त्याहून दणकट. माईक बंद पडला तरी प्रेक्षकांना पत्ता लागायचा नाही. वृश्चिक राशीतल्या ज्येष्ठा नावाच्या तांबड्या, राक्षसी ताऱ्यावर त्या इतक्या रंगून बोलायच्या, की पोरं त्यांनाच ज्येष्ठाबाई म्हणू लागली.

"या ज्येष्ठेला एक जोडीदार आहे बरं का! पण हिच्या झगमगाटात बिचारा दिसतच नाही. आमच्या घरीही तसलाच एक आहे!"

सभागृह खदखदून हसायचं. आणि 'तसलाच एक', म्हणजे बाईंचे यजमान, मागे अंधारात प्रोजेक्टरची बटणं दाबत बसलेले असायचे. काडीपैलवान माणूस. लग्नाला 'हो' म्हणाले, त्यानंतर त्यांचं पूर्ण वाक्य कुणी ऐकलेलं नाही, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मीच.

मग बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर तोंडाला कुलूप घातलं. तारांगणाचा मॅनेजर म्हणाला, "आता रेकॉर्ड केलेलं निवेदनच लावू. कायमचं." बाईंचे डोळे भरले. भांडायला आवाजच नव्हता हो!

यजमान उठले. "टेप नको. मी बोलतो."

"तुम्ही? तुम्हाला बोलता येतं?"

"बघू या."

पहिल्या खेळाला मी हजर, चुकवतोय कशाला! सुरुवातीला माणूस नुसता पुटपुटला. "काका, मोठ्यानं!" कुणीतरी ओरडलं. घुमटावर ज्येष्ठा आली तसे ते सावरले.

"हिचा जोडीदार एकदा कसा दिसला, सांगू? चंद्र हिच्यावरून सरकत होता. ही झाकली गेली होती. ही बाहेर पडायच्या जरासं आधी, चंद्राच्या कडेला हा दिसला."

बटण दाबलं. घुमटावरचा चंद्र सरकला आणि एक इवलासा ठिपका लुकलुकला.

"एकटाच आहे?" एका मुलीनं विचारलं.

"छे गं. ती येतेय ना मागून. तोवर हा जागा धरून बसलाय."

शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. मॅनेजरनं टेप कपाटात टाकली. "बाई येईपर्यंत चालू द्या तुमचं," म्हणाला.

आठवड्यात यजमानांचा घसा पार बसला. संध्याकाळी चौकशीला गेलो, तर बाई कोमट मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यापुढे उभ्या. जीभ बंद, म्हणून भुवयांनीच रागावत होत्या. ते मुकाट गुळण्या करत होते, आणि प्रत्येक गुळणीनंतर बाई त्यांची हनुवटी पुसत होत्या.