चिठ्ठीतली शेवटची ओळ

माझी मावशी औषधाच्या दुकानात काउंटरमागे एकतीस वर्षं उभी आहे. उभी म्हणजे अक्षरशः उभी. दुकानात स्टूल आहे, पण ते वरच्या फळीवरच्या बाटल्या काढायला. गल्लीतली पोरं तिला गोळीमावशी म्हणतात. ती रागावत नाही, फक्त त्यातल्या एखाद्याला बोलावून सर्दी किती दिवस आहे ते विचारते. ती माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिली. वेणी घालायला मला तिने शिकवलं आणि थापा ओळखायलाही. तेव्हा हे सगळं मी परक्याविषयी सांगत नाहीये.

चिठ्ठी वाचायची तिची एक रीत होती. ती खालून वर वाचायची. डॉक्टरांचं अक्षर कितीही गिचमिड असो, शेवटची ओळ तिला न वाचताच कळायची. कॅल्शियम, सोबत ड जीवनसत्त्व. गुडघा दुखणारे आजोबा असोत, पाठ धरलेली बाई असो, साठी उलटलेलं कुणीही असो, खाली तेच. वरच्या ओळींचा अर्थ लागेपर्यंत तिच्या हाताने खालच्या ओळीची स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवलेली असायची.

"वरचं बदलत राहतं," ती म्हणायची. "खालचं कधी बदलत नाही. म्हणजे खरं औषध कुठलं, सांग."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज तेच ते पाहून मत तयार झालं आणि मग ती काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टर लोक वर काहीही खरडोत, शेवटी सगळे तिच्या फळीपाशी येतात, असा तिचा पक्का समज होता.

आई त्रेसष्ट वर्षांची झाली तेव्हा मावशीने स्वतःच तिला गोळ्या सुरू केल्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. सकाळी नाश्ता झाला की ती पाण्याचा पेला घेऊन आईसमोर उभी राहायची आणि गोळी गिळली की म्हणायची, "जीभ दाखव, ताई." मोठी बहीण धाकटीला मुकाट्याने जीभ दाखवायची. मला हसू यायचं. मी एकदा म्हणाले, "आई, शाळेत नाव घातलंय का तुझं?" आई म्हणाली, "काढायचं कसं ते सांग आधी."

पाच वर्षांपूर्वी पायपुसणं पायात अडकून आई पडली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं, हाडांची घनता मोजून घ्या. चिठ्ठी माझ्या हातात होती. मावशीने ती घेतली, खालून वाचली आणि परत दिली.

"कॅल्शियमच लिहिलंय. ते चालूच आहे की. त्या मशीनखाली तिला आडवी करून वेगळं काय निघणार?"

मी "बरं" म्हटलं. तपासणीला नेण्यासाठी मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली असती. मलाही ते सोयीचं होतं, हे सांगून टाकते.

यंदा एका दुपारी दाराची बेल वाजली. आई खुर्चीतून उठली आणि दारापर्यंत पोचलीच नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर, चष्मा लावणारी एक शांत बाई, बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं की आईला आधीपासून कुठली औषधं चालू आहेत. मावशी पुढे झाली. अकरा वर्षं, रोज, एकही दिवस न चुकता, असा पाढा तिने वाचला. तिच्या आवाजात अभिमान होता.

"रक्तात कमतरता काही नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मावशीने माझ्याकडे पाहिलं. बघ, असं.

"पण कमतरता नसताना, नीट जेवणाऱ्या माणसाचं हाड मोडायचं नुसत्या त्या गोळ्यांनी फारसं थांबत नाही," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "यांचं मनगट मोडलं होतं ना? तेव्हा घनता मोजली?"

"नाही," मी म्हणाले.

"मोजली असती तर तेव्हाच कळलं असतं. हाडं ठिसूळ झाली की त्यासाठी वेगळी औषधं, इंजेक्शनं असतात. कॅल्शियम त्यांच्या जोडीला. शिवाय पायांत ताकद, तोल, रोजचं चालणं. आता ते सगळं सुरू करू."

त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशी म्हणाली, "बरं." मग ती जेवणाचा डबा धुवायला गेली आणि बराच वेळ नळाखाली तोच डबा धूत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या मालकांनी मला फोन केला की मावशी गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात धरून नुसतीच उभी राहते. मी विचारलं तर म्हणाली, "कुठे काय." मला तिच्याशी कडाकडा भांडायचं होतं, पण भांडायलाही आतून काहीतरी यावं लागतं, आणि माझ्या आत काहीच येत नव्हतं. मी आईचे कपडे बदलायचे, गोळ्यांच्या वेळा लिहून ठेवायचे, ऑफिसात बसायचे. बधिर झालेला पाय आपलाच आहे हे हाताने चाचपून बघावं लागतं, तशी मी दिवसातून कधीतरी स्वतःला बघायचे. दुखत नव्हतं.

आईला घरी आणलं. व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी फिजिओथेरपिस्ट यायचा. वॉकर पलंगाशी उभा असायचा आणि आई त्याला हात लावायची नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की या काही आठवड्यांत ती उठली नाही तर मग ती अंथरुणाचीच होईल. आईला हे माहीत होतं. ती घाबरली होती, पण दुसऱ्याच गोष्टीला. चौथ्या दिवशी तिने तोंड उघडलं.

"मी गोळ्या घेतच नव्हते," ती म्हणाली. मी होते, मावशी पाण्याचा पेला घेऊन दारात होती. "पहिली दोन वर्षं घेतल्या. मग पोट साफ होईना. गालात धरायचे आणि तू गेलीस की खिडकीतल्या कुंडीत टाकायचे. नऊ वर्षं. माझी हाडं पोकळ झाली ती माझ्याच हाताने. उभी राहिले तर पुन्हा मोडतील."

नऊ वर्षं कॅल्शियम खाऊन कुंडीतलं ते झाड होतं तेवढंच राहिलं होतं, हे मला त्या क्षणी सुचलं आणि मी हसले नाही.

नऊ वर्षं गोळी पोटात गेली नव्हती, तरी रक्तात काही कमी निघालं नव्हतं. म्हणजे गोळीची गरजच नव्हती, हे मला कळलं. मावशीला तर कळलंच असणार. ती आत आली, पेला आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "असू दे. आता घे म्हणजे झालं."

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू तिला सांगितलं का नाहीस? दोष तिचा नाहीये."

"सांगून ती उभी राहणार आहे का?"

"ती तिकडे स्वतःला शिव्या घालतेय आणि तू मूग गिळून बसलीस. स्वतःची लाज वाचवतेस तू."

असं मी तिला जन्मात बोलले नव्हते. ती ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छच होता.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी आई गोळी घ्यायची, मावशीची माफी मागायची आणि कुणी न सांगता जीभ दाखवायची. मावशी बघायची आणि मान हलवायची. मला दोघींकडेही बघवत नव्हतं, म्हणून मी त्या वेळी आंघोळीला जायला लागले.

मग एका सकाळी फिजिओथेरपिस्टने हात टेकले. "आजी, आज नाही उठलात तर मला डॉक्टरांना कळवावं लागेल," तो म्हणाला. "माझ्याने हे पुढे होणार नाही."

"अरे, माझ्या हाडांत काही राहिलं नाही," आई म्हणाली. "मी सगळं टाकून दिलं."

मावशी पलंगाच्या कडेला बसली. गिऱ्हाइकाला डोस समजावताना असतो त्याच सपाट आवाजात ती बोलली.

"ताई, मी परवा डॉक्टरांना जाऊन विचारून आले. घेतल्या असत्यास तरी फरक पडला नसता. तुला त्यांची गरजच नव्हती. मनगटाच्या वेळी तपासणी लिहिली होती, ती करायला हवी होती. मी नको म्हटलं. आत्ता ज्या इंजेक्शनने हाड धरणार आहे ते पाच वर्षांपूर्वी मिळालं असतं. ते मी होऊ दिलं नाही. तू काही केलं नाहीस."

फिजिओथेरपिस्ट खिडकीबाहेर बघू लागला.

"म्हणजे कुंडीत टाकल्या म्हणून नाही?"

"नाही."

"नऊ वर्षं मी रोज सकाळी तुला भ्यायले," आई म्हणाली. "माझ्या घरात. माझ्या धाकट्या बहिणीला."

आईने पांघरूण बाजूला केलं आणि दोन्ही पाय खाली सोडले. फिजिओथेरपिस्टने घाईने वॉकर पुढे सरकवला. मावशीने सवयीने आईच्या काखेत हात घातला.

"तू नको धरूस."

मावशीने हात काढून घेतला. आई उठली. थरथरत होती, पण उठली. एक पाऊल टाकलं, थांबली, मग दुसरं. ती कपाटाच्या दिशेने निघाली होती आणि तिने मागे वळून पाहिलं नाही. मी मावशीकडे पाहिलं. ती पलंगावर बसली होती तशीच बसून होती, चेहऱ्यावर काही नव्हतं, फक्त ओठ हलत होते. ती आईची पावलं मोजत होती.