हेमराजभाऊंची घाई

आमच्या पिपरीत हेमराजभाऊ रस्त्याने जाताना दिसले की लोक उगाचच आपलं घड्याळ बघतात. तीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते, गाड्या सोडण्यात हयात गेली. निवृत्त झाले तरी जेवण पाच मिनिटांत आणि अंघोळ तीन मिनिटांत. अशा माणसाच्या नशिबी मुलाचा जुना कॉम्प्युटर आला, ज्याला नुसतं सुरू व्हायलाच सात मिनिटं लागायची. मी शेजारी राहतो. भाऊंचं आणि कॉम्प्युटरचं भांडण भिंतीपलीकडून रोज ऐकायचो.

ही गोष्ट दोन हजार सातच्या हिवाळ्यातली. भाऊंची थोरली बहीण यशोदाबाई पवनारला असते. हळदीची गाणी म्हणावीत तर तिनेच. पण त्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, नुसती कुजबुज उरली. त्यातच लेकीचं, अस्मिताचं लग्न ठरलं. पोरीने मामाचा हात धरला. "मामाजी, मले आईच्याच आवाजात हळद लागली पाह्यजे."

भाऊंकडे ताईच्या गाण्यांची एक जुनी कॅसेट होती, त्यांनीच कधीकाळी पवनारला जाऊन भरलेली. त्यांनी टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला, टेप लावली आणि बसून ऐकायचं सोडून भाजी आणायला गेले. गाणी आत गेली, पण नंतर टेप मागे फिरवताना मशीनने ती चावून टाकली. आता गाणी फक्त कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागलेली, म्हणजे कधीही बंद पडेल अशी. भाऊंची झोप उडाली.

वर्ध्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अंकित आला. त्याने कॉम्प्युटरचा डबा उघडून पावशेर धूळ काढली, सीडी रायटर बसवला आणि बजावलं, "काकाजी, मशीन लय जुनी हाय. चारच्या स्पीडवरच सीडी भरजा. अन् भरून राह्यली असली की कशालेच हात लावू नोका."

तो फाटकाबाहेर पडताच भाऊंनी चोवीसचा स्पीड लावला. सीडी अर्ध्यावर बाद! दुसऱ्यांदा चारचा लावला, पण तिसऱ्याच मिनिटाला कुठवर आलं ते बघायला माऊस हलवला. तीही गेली, वर कॉम्प्युटर अर्धा तास उठेना. डिस्कची टकटक वाढली. भाऊ चक्क रडवेले झाले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"काऊन हात लावता तुमी?" मंदाबाई, त्यांची बायको, कडाडली. तिसऱ्या वेळी सीडी भरायला लागताच तिने माऊस उपटून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि भाऊंच्या मांडीवर तुरीच्या शेंगांनी भरलेलं सुपडं ठेवलं. वीस मिनिटं माणूस खुर्चीत बसून दाणे सोलत होता. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. सीडी बाहेर आली, भाऊंनी पहिली दहा सेकंदं ऐकली, "झालं!" म्हणाले आणि डबीत घातली.

हळदीच्या दिवशी पवनारच्या मांडवात ताईचा आवाज घुमला. अस्मिता पाटावर, बाया हळद लावताहेत, यशोदाबाई डोळे पुसतेय. चार गाणी झाली. पाचवं ऐन रंगात आलं आणि मध्येच भाऊंचाच आवाज आला, "आटप ना वं ताई, सव्वापाचची निघून जाईन!" खट्‌. पुढे काहीच नाही.

मांडवात हशा पिकला. भाऊ मात्र पांढरेफटक पडले. वर्षानुवर्षं कॅसेट घरात होती, पण ती शेवटपर्यंत त्यांनी ऐकलीच नव्हती. ते गाणं आता ताईच्या गळ्यातून पुन्हा निघणार नव्हतं.

यशोदाबाईने त्यांना जवळ बसवलं आणि कुजबुजली, "हेमू, आता कोनती गाडी पकडाची हाय तुले?"

"एकबी नाई, ताई."

"मंग म्हण पुढचं."

भाऊंचा आवाज म्हणजे फलाटावरचा भोंगा. पण लहानपणापासून ऐकलेलं गाणं होतं, शब्द सगळे पाठ. ताईचे ओठ बिनआवाजाचे हलत होते, आणि भाऊ त्या ओठांकडे बघत एकेक ओळ म्हणत होते. ती थांबली की तेही थांबत.

उरलेली सगळी कडवी झाली. घड्याळाकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.