चोरीच्या पाण्याची पालवी

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी थंडीत अंगणात चटई टाकून आडवी का पडली आहे. मला बरं नसावं असं तुम्हाला वाटलं. मी उत्तम आहे. मी संत्र्याचं झाड पाहत होते. ते कसं पाहायचं हे ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं आहे.

आमची गल्ली त्यांना सलबाबा म्हणायची. संत्र्यावरच्या वाळक्या काड्यांना इकडे सल म्हणतात. तो काढणं हे त्यांचं काम. तिवशाहून एसटीने अमरावतीला येत. करवतीला हात लावण्याआधी झाडाखाली पोतं अंथरून उताणे पडत आणि तासभर वर बघत.

"हे कामाला येतात की झोपायला?" आजोबा मला विचारत, बाबांना ऐकू जाईल अशा बेताने.

"साहेब, झाड उभ्यानं समजत नाई. खालून पाहा लागते."

पहिल्यांदा मात्र ते आले होते झाड तोडायला. खोडातून डिंक गळत होता, निम्म्या फांद्या वाळल्या होत्या, आणि आजोबांना तिथे गाडीसाठी शेड हवी होती. झाड तुमच्या आईने परदेशी जाण्याआधी लावलेलं. त्या दिवशी मी जेवले नाही. बाबा पोत्यावरून उठले आणि म्हणाले, "हे तोडाचं झाड नाई. मले एक बहार द्या."

"एकच," आजोबा म्हणाले. "नाही फुललं तर कुऱ्हाड तुम्हीच चालवायची."

बाबांनी सल काढला, डिंकाची साल खरवडली, खोडाला मोरचूद-चुन्याचा निळा लेप दिला. दर फांदीनंतर करवत औषधाच्या फडक्याने पुसत. "डॉक्टर सुई बदलते का नाई? तसंच." जाताना बजावून गेले: आता ताण. मी सांगेपर्यंत पाणी बंद.

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. सकाळी सात वाजता झाडांना पाणी, हा माझा वर्षानुवर्षांचा नेम. पानं पिवळी पडून मुडपली तशी मला राहवेना. एका सकाळी मी गुपचूप पाइप सोडला.

पुढच्या फेरीला बाबा पोत्यावर पडले आणि लगेच उठून बसले. शेंड्याला कोवळी पानं आली होती.

"बाई, हे पालवी चोरीच्या पाण्याची हाये. कावून देल्लं?"

"बिचारं तहानलेलं दिसत होतं."

"त्याले तहानच पायजे होती. तुमी लाड केले, त्यानं पानं काढली. आता फूल कोन काढन?"

एवढी शिकलेली मी, मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पाइप गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि तिवशाला घेऊन गेले. ताण पुन्हा पहिल्यापासून.

उशिरा का होईना, बाबा पाइप घेऊन आले आणि पाणी सुटलं. मग एका सकाळी आजोबा चष्मा न लावताच अंगणात गेले आणि वास घेत उभे राहिले. झाड पांढरं झालं होतं. शेडचा विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीनंतर फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले, आणि आजोबा गल्लीभर संत्री वाटत सांगत होते, "मी म्हणालोच होतो, तोडू नका."

"साहेबाले सारं मालूम व्हतं," बाबा गंभीरपणे म्हणाले.

त्यानंतर दर हिवाळ्यात पाइप तिवशाला जायचा आणि बहाराला परत यायचा. बाबा गेले त्या वर्षी त्यांच्या सुनेने तो एसटीने पाठवून दिला, नीट गुंडाळून.

आता तो मीच माळ्यावर ठेवते. सध्या ताण चालू आहे. पानं मुडपली आहेत, आणि मी पाणी दिलेलं नाही. झाड उभं आहे.