हिरो मरायच्या आधी

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये माझ्या पँट्स अल्टर करून देणारा एक टेलर होता. वय साठीचं, पण शर्टाची कॉलर कायम उभी, आणि बोलणं जुन्या गँगस्टर पिक्चरच्या हिरोसारखं, दबक्या आवाजात, थांबत थांबत. मशीन चालवता चालवता तो मला ते पिक्चर सांगायचा. शेवट मात्र कधीच नाही.

"हिरो मरायच्या आधीच मी थेटरातून उठतो, साहेब. आपल्यासाठी तो अजून जिंदा आहे."

मला ते फार आवडायचं. काम नसलं तरी मी त्याच्या स्टुलावर जाऊन बसायचो.

एका दुपारी एरियातला एक भाई आला. दुकानाच्या पायरीवर पापड विकणारे म्हातारे काका पटकन बाजूला झाले नाहीत, म्हणून त्याने त्यांच्या कानाखाली वाजवली. मग आत येऊन म्हणाला, "सूट शिवायचाय. जुन्या पिक्चरमधल्या डॉनसारखा."

टेलरने एकदा काकांकडे पाहिलं. मग स्वतःची कॉलर हळूच खाली दुमडली आणि गळ्यातली टेप भाईच्या खांद्याला लावली.

"कॉलर रुंदच ठेवू ना, भाई?" या वेळी तो थांबत थांबत बोलला नाही.

मी पुन्हा त्या दुकानात गेलो नाही. मित्रांना हा किस्सा सांगतो, टेलर कसा शेपूट घालून उभा राहिला ते सांगतो. पण शेवट मीही सांगत नाही. भाईला बसायला स्टूल मीच रिकामं करून दिलं होतं. रुमालाने पुसून.