आमच्या साडूंचं विलीनीकरण

कुणातही न मिसळणारा माणूस पाहायचा असेल तर पुनावळ्याला आमच्या साडूंकडे जावं. असा दुसरा नमुना उभ्या महाराष्ट्रात सापडायचा नाही. पेशानं ते वैमानिक. शेकडो माणसांना घेऊन आकाशात जातात, पण जमिनीवर त्यांना दोन माणसांची सोबतही जड होते. मेव्हण्याच्या लग्नाला आम्ही सगळे एका बसमधून गेलो, तेव्हा साडूंची बायको बसमध्ये आमच्याबरोबर गाणी म्हणत होती आणि साडू बसच्या मागून आपल्या गाडीत एकटेच येत होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात त्यांना घेतलं, तर दुपारपर्यंत ते बाहेर पडले. तक्रार असली की कागदावर लिहून लिफ्टमध्ये चिकटवायचे आणि खाली सही करायचे, ‘एक स्वतंत्र रहिवासी’. लिफ्टमध्ये कुणी आधीपासून उभं असेल तर ते जिन्यानं जात, त्यामुळे त्यांची तब्येत मात्र उत्तम होती.

असा माणूस एका संघटनेचा सरचिटणीस होता, हे मला कळलं तेव्हा हातातला चहा सांडायचा राहिला. त्यांच्या विमान कंपनीतल्या वैमानिकांची ती छोटी, स्वतंत्र संघटना त्यांनीच चारदोन मित्रांना घेऊन उभी केली होती. देशभरातल्या वैमानिकांची एक मोठी संघटना तिला आपल्यात सामील व्हा म्हणून बोलावत होती आणि साडू दरवेळी नकार देत होते. मी चाकणला एका कारखान्यात आहे, आमची युनियन एका देशव्यापी महासंघाला जोडलेली. त्यामुळे जेवायला बसलं की ते माझ्यावर घसरायचे.

“भाऊ, तुमच्या त्या महासंघात तुम्हाला नावानं ओळखणारा एक तरी माणूस आहे का?”

“नाही. पण गेटवर आमच्या कुणाला अडवलं तर पुण्यामुंबईहून माणसं येतात.”

“येतात आणि भाषण करून जातात. समुद्रात ओतलेला तांब्या पुन्हा भरून घेता येत नाही, भाऊ.”

यावर मी आमटी वाढून घ्यायचो, कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

मग त्यांच्या संघटनेतल्या एका तरुण सहवैमानिक मुलीचं प्रकरण झालं. ओळीनं रात्रपाळ्या झाल्यावर तिनं ‘मी थकलेय, हे उड्डाण करणार नाही’ असं स्पष्ट सांगितलं. नियमानं तिला तसं सांगता येतं. कंपनीनं तिला घरी बसवलं. साडूंनी पत्रं पाठवली, उत्तर नाही. शेवटी ते स्वतः कंपनीच्या दिल्लीकडच्या मुख्य कार्यालयात गेले आणि परतताना विमानतळावरून थेट आमच्या दारात आले. गणवेशातच होते. न कळवता ते कुणाकडे जात नसत, त्यामुळे दार उघडून आमची ही नुसती बघतच राहिली.

“दिवसभर बाहेर बसवलं,” ते म्हणाले. “संध्याकाळी एक पोरगेला अधिकारी आला आणि विचारतो, तुमची संघटना अजून आहे का? टोमणा नव्हता हो, भाऊ. त्याला खरंच माहीत नव्हतं.”

ते जेवले नाहीत. जाताना म्हणाले, “रविवारी चिंचवडला आमची सभा आहे. तुम्ही येता का बरोबर?” साडूंनी कुणाला तरी बरोबर बोलावलं, या धक्क्यातच मी हो म्हणालो.

सभेचा विषय विलीनीकरणाचाच होता. साडू विरोधात बोलणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, “इतकी वर्षं मी तुम्हाला नको म्हणायला लावलं. आज हो म्हणा.”

पुढच्या रांगेतल्या एका वयस्कर कॅप्टननं काळजीनं विचारलं, “साहेब, बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“बरं वाटत नाहीये. आपण थोडे आहोत म्हणून एकमेकांना ओळखतो. पण कंपनी आपल्याला ओळखत नाही.”

तेव्हा ती मुलगी उठली. “सर, माझ्यासाठी संघटना मोडू नका.”

“मग ती काढली कशासाठी होती?” साडूंनी विचारलं. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. काही जणांनी विरोधात मत दिलं, दोघं तर उठूनच गेले. पण ठराव मंजूर झाला.

मोठ्या संघटनेनं त्या मुलीचं प्रकरण हातात घेतलं आणि काही आठवड्यांत ती पुन्हा विमान उडवू लागली. साडूंचं सरचिटणीसपद मात्र विरघळून गेलं. नव्या कार्यकारिणीत त्यांचं नाव नाही. मला राग आला, ते म्हणाले, “असं होणारच होतं.”

दरवर्षी संघटनेच्या वर्धापनदिनी हा माणूस स्वतःच्या हातानं मटण रांधून सगळ्या सभासदांना घरी जेवू घालायचा, हेही मला यंदाच कळलं. यंदा मोठ्या संघटनेचा मेळावा त्याच दिवशी दिल्लीत होता. साडूंनी सवयीनं मोठं पातेलं चढवलं आणि मग आम्हाला फोन केला. आम्ही चौघं जेवत होतो, पातेलं जवळजवळ भरलेलंच होतं. इतक्यात बेल वाजली. ती मुलगी ड्युटीवरून तशीच आली होती, बॅग ओढत.

“मेळाव्याला गेली नाहीस?” साडूंनी विचारलं.

“सर, आज इथे जेवायचं असतं ना?” ती म्हणाली.

“बस. रस्सा गरम करून आणतो,” म्हणत साडू आत गेले. रस्सा गरमच होता. बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.