पिवळी नळी

ऑक्सिजनमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव होतं, पण इस्पितळात एकतीस वर्षं काढल्यावर ते फक्त हजेरीपटात उरलं. नर्सबाई जिन्यावरून ओरडायच्या, "मामा, सात नंबरला!" आणि मामा ढकलगाडीवर सिलिंडर घालून निघायचे. चावी फिरवायची, काटा बघायचा, जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का पाहायचं. बुडबुडा दिसला की मामांचं डोकंच फिरायचं. "जितके जोड तितकी गळती," असं ते कुणालाही ऐकवत, समोरच्याला ऐकायचं असो वा नसो.

बायको गेली आणि पुढच्याच वर्षी नोकरी संपली. मग मामांनी हाच न्याय घराला लावला. गॅलरीतल्या दोन खुर्च्यांतली एक देऊन टाकली. एक कप ठेवला, एक ताट, एक उशी. "एकट्याला दोन कशाला? आटोपशीर बरं." आटोपशीर कसलं डोंबलाचं, घर नुसतं खायला उठत होतं! पण हे सांगणार कोण? शेजारीण रोज आवाज खाली आणून विचारायची, "जेवलात ना हो?" दूधवालासुद्धा पिशवी हातात देताना उगाच मान हलवायचा. मामांना उपासमार परवडली असती, पण ही कीव नको होती.

म्हणून बंदराच्या रस्त्यावर, समुद्रात बुडी मारायचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या काचेत ते चित्र दिसलं तेव्हा मामा थबकलेच. निळंगार पाणी, आणि त्यात एक माणूस. एकटा. आजूबाजूला कुणी नाही, तोंडात नळी, म्हणजे कुणी काही विचारायचीही सोय नाही. तिथे खाली एकटं असणं कुणाच्या डोळ्यांवर येत नसणार! मामांना वाटलं, अरे, ही तर आपली जागा.

दुकान चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या. बोटीवर ओरडून ओरडून आवाज असा झालेला की कुजबुजल्या तरी पलीकडच्या गल्लीत कळावं. "पोहता येतं ना, काका? मग रविवारी बोट आहे. पहिल्या खेपेला मीच सोबत असते. पण आज सामान अंगाला बसलं पाहिजे आणि मागच्या हौदात दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. नाही जमल्या तर नेणार नाही. मग माझ्यावर रागावायचं नाही."

मास्कपासूनच कटकट सुरू झाली. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर आपला. मामांनी हात सोडला की मास्क पायावर.

"मिशी आडवी येतेय, काका. फटीतून पाणी शिरणार."

"मिशी राहील. मास्क बदला."

तीन मास्क पायावर पडले. नाकापेक्षा मोती जड तो हा असा. शेवटी मऊ रबराचा चौथा निघाला आणि नाकाखालची अगदी धारेपुरती मिशी कातरायला मामा कबूल झाले. आरशासमोर असे उभे राहिले की जणू कान कापून देतायत. पोहताना पायात घालायच्या रबरी वल्ह्यांपैकी त्यांनी सगळ्यांत लांब जोडी उचलली होती, ती बाईंनी हातातून काढून घेतली. "पोटऱ्यांत गोळे येतील. नव्या माणसाने आखूड घ्यायची."

मग सिलिंडर आला आणि मामांच्या जिवात जीव आला. हे आपलं खातं! त्यांनी काट्यावर टिचकी मारून विचारलं, "ऑक्सिजन भरता ना चांगला?"

"ऑक्सिजन नाही, हवा. साधीच, दाबून भरलेली. खोल पाण्यात शुद्ध ऑक्सिजन विषासारखा बाधतो."

एकतीस वर्षं जे अमृत म्हणून वाटलं, ते इथे विष! मामांनी काट्यावरचं बोट काढून घेतलं. आणि सिलिंडरला जोडायच्या नळ्या समोर आल्या तेव्हा खरं घोडं अडलं. एका काळ्या नळीच्या टोकाला तोंडात धरायचं रबर होतं, ते समजलं. पण शेजारी अगदी तसंच रबर लावलेली दुसरी, लांब, पिवळी नळी होती.

"ही काढून टाका," मामा म्हणाले. "तोंड एक आहे मला. जितके जोड तितकी गळती."

"ती तुमच्यासाठी नाहीच. सोबतच्याची हवा संपली तर त्याला द्यायची."

"सोबत कुणी नाही माझ्या."

"खाली एकट्याने जायचं नसतं, काका. कुणीच नाही. तुमची पिवळी माझ्यासाठी, माझी तुमच्यासाठी. आणि हौदातली दुसरी गोष्ट हीच आहे."

काय नशीब म्हणावं! माणसांना कंटाळून मामांनी जी जागा शोधली, नेमकी तिथेच एकट्याला बंदी. पण काचेतलं चित्र डोक्यातून जाईना. पडलो तरी नाक वर अशा थाटात मामा हौदाकडे निघाले.

पहिली गोष्ट म्हणजे मास्कमध्ये शिरलेलं पाणी खालीच, नाकाने फुंकून काढायचं. ते मामांनी झक्क केलं. मग बाईंनी तळाशी बसून गळ्यावर आडवा हात फिरवला, म्हणजे हवा संपली. मामांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत पिवळी नळी त्यांच्या हातात दिली. देण्यात मामा तरबेज! आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

मग पाळी घेण्याची. मामांनी तोंडातलं रबर काढलं, गळ्यावर हात फिरवला. बाईंनी आपली पिवळी नळी त्यांच्या तोंडाशी धरली. मामांनी ती ढकलून दिली. बाईंनी पुन्हा धरली, मामांनी पुन्हा ढकलली आणि गुदमरून खोकत वर आले.

"हवा संपल्यावर माणूस नको म्हणतो का, काका?" बाई वर येऊन कडाडल्या. मामा पायरी धरून धापा टाकत होते.

त्यांना आठवत होती ती दुपार. इस्पितळाची लिफ्ट बंद होती. बायकोसाठी छोटा सिलिंडर खांद्यावर घेऊन मामा चार मजले चढले होते. छाती भात्यासारखी हलत होती. चावी फिरवली, काटा बघितला. तेवढ्यात बायकोने तोंडावरचा मास्क उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "घ्या हो थोडा तुम्ही. केवढे दमलात. मी काय, पडूनच आहे." डोळ्यांत थट्टा होती, आणि थट्टा नव्हतीही. मामा खेकसले, "वेड लागलंय का? ठेव तो तोंडावर!" आणि तिचा हात ढकलून दिला. संध्याकाळी तिची शुद्ध हरपली. मामा तिच्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अजून एकदाच," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर रविवार विसरा."

दोघं पुन्हा तळाशी गेले. मामांनी गळ्यावर हात फिरवला. पिवळी नळी पुढे आली. हात ढकलायला उठला, मामांनी तो जबरदस्तीने खाली ठेवला आणि रबर दातांत धरलं. चार श्वास घ्यायचे आणि आपली नळी परत धरायची, असं ठरलं होतं. चार झाले. पाच झाले. सातही झाले. मास्कमध्ये पाणी साचायला लागलं, पण या खेपेला दोष मिशीचा नव्हता. बाईंनीही घाई केली नाही.

वर आल्यावर बाईंनी पंचा दिला. "रविवारी सकाळी सहाला या. नाव लिहिते. आणि काय हो, ती पिवळी नळी काढायची का?"

"राहू द्या," मामा म्हणाले. ते पायरीवरच बसून राहिले. मग कुणी काही विचारलं नसताना म्हणाले, "बायकोने शेवटी मला एक श्वास देऊ केला होता, ताई. तिच्यातला. घेतला असता तर काय बिघडलं असतं हो माझं?"